ड्रेडनॉटची डोलकाठी धुराड्याच्या मागे का?

सागरवेध:
१९०६ च्या 'ड्रेडनॉट' या ब्रिटिश युद्धनौकेचा आराखडा बघतोय. १२ इंची दहा तोफा, पार्सन्स टर्बाइन, २१ नॉट वेग. सगळी मांडणी लांबून मारा करण्यासाठी. मग निरीक्षणाची माची असलेली तिपाई (तीन पायांची) डोलकाठी पहिल्या धुराड्याच्या बरोबर मागे का? नौका पुढे निघाली की धूर तिथेच जाणार. शिवाय दहांपैकी आठच तोफा एका बाजूला का चालतात?

दर्यासारंग:
होड्यांमुळे. जड होड्या पाण्यात सोडायला आणि वर घ्यायला डेरिक (वजन उचलणारी यारी) लागतो, डेरिकला भक्कम खांब लागतो. होड्या नौकेच्या मध्यभागी, म्हणून डोलकाठीही तिथेच आणली आणि एका खांबावर दोन कामं टाकली.

त्याची किंमत मोठी होती. माचीवर बार अँड स्ट्राउड कंपनीचा ९ फुटी अंतरमापी होता. तिथलं अंतर विजेच्या यंत्रांनी खाली हिशेबाच्या खोलीत जाई. ड्युमारेस्क या हिशेबाच्या यंत्रावरून लक्ष्याचं अंतर किती वेगाने बदलतंय ते काढायचं, व्हिकर्स कंपनीचं रेंज क्लॉक (बदलतं अंतर दाखवणारं घड्याळ) त्या वेगाने चालवायचं आणि तोफांना आकडा द्यायचा. गोळा पडल्यावर उठणारा पाण्याचा स्तंभ लक्ष्याच्या अलीकडे की पलीकडे, हेही वरूनच बघायचं. माची धुरात गेली की साखळीची पहिलीच कडी तुटते. वाऱ्याच्या तोंडावर पूर्ण वेगात तर सगळ्यात वाईट, कारण धुराबरोबर गरम झोतही येतो.

सागरवेध:
मग पुढच्या नौकांत हे सुधारलं का?

दर्यासारंग:
'बेलेरोफॉन'मध्ये पुढची डोलकाठी धुराड्याच्या पुढे घेतली. डेरिकसाठी दुसरी तिपाई मात्र पहिल्या धुराड्याच्या मागे राहिली, त्यामुळे तिच्या माचीला धूर लागायचाच. पुढे 'कोलॉसस' आणि 'हर्क्युलिस'मध्ये एकच डोलकाठी ठेवली, आणि तीही पुन्हा धुराड्यामागे! ही चूक माझ्या मते अक्षम्य आहे, कारण तोवर अनुभव हाताशी होता. 'लायन' या युद्ध-क्रूझरच्या १९१२ मधल्या चाचण्यांत उष्णता एवढी झाली, की शेवटी डोलकाठी आणि धुराड्याची जागाच बदलावी लागली.

तोफबुरूज:
'ड्रेडनॉट'च्या आठ तोफांचं सांगतो. प्रत्येक फिरत्या बुरुजात दोन तोफा. ए, एक्स आणि वाय हे तीन बुरूज मध्यरेषेवर, पी आणि क्यू दोन कडांना. कडेच्या दोघांपैकी त्या बाजूचा एकच चालतो, म्हणून चार बुरूज, आठ तोफा. समोर सरळ सहा चालतात ते कागदावर. कडेच्या तोफा अगदी पुढे वळवून डागल्या तर स्फोटाचा दाब वरच्या बांधकामावर येतो.

अमेरिकेच्या 'साउथ कॅरोलिना'ने एकामागे एक, उंच-सखल बुरूज ठेवून एकूण चार बुरुजांतच एका बाजूला आठ तोफा मिळवल्या. ब्रिटिशांची अडचण नेम धरायच्या खिडक्यांची होती. त्या बुरुजाच्या छतावर पुढच्या बाजूला असत. वरची तोफ डागली की दाब थेट खालच्या बुरुजातल्या माणसांवर. 'नेपच्यून' या नंतरच्या ब्रिटिश नौकेत मागचे बुरूज असे उंच-सखल केले, पण वरच्याला थेट मागे मारा करता येत नव्हता.

खलाशी_७७:
'ड्रेडनॉट'मध्ये डोलकाठीइतकाच चिलखताचा दोष गंभीर होता. बाजूच्या ११ इंची चिलखती पट्ट्याची वरची कड नेहमीच्या भाराला जलरेषेच्या जेमतेम २ फूट वर. पूर्ण भारात ती १२ इंचांहून जास्त बुडायची, मग जलरेषेवर वरचं ८ इंची चिलखतच उरायचं. आराखड्यात कोळसा ९०० टन धरला होता, जागा मात्र सुमारे २,९०० टनांची, वर १,१०० टनांहून जास्त तेल. म्हणून पट्टा मोजताना पूर्ण भाराची जलरेषा घ्या.

प्रत्यक्ष लढाईत हे कधी तपासलं गेलं नाही. जटलंडच्या सागरी लढाईच्या वेळी, मे १९१६ मध्ये, 'ड्रेडनॉट' दुरुस्तीला होती. तिच्या नावावर एकच बळी: १८ मार्च १९१५ ला स्कॉटलंडजवळच्या पेंटलंड फर्थ सामुद्रधुनीत यू-२९ ही जर्मन पाणबुडी तिने धडक देऊन बुडवली, तोफ न डागता.