३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५ : सव्विसावा अंक का जोडता येत नाही?

प्रश्न
या पंचवीस अंकी संख्येचे डावीकडून पहिले दोन अंक घेतले तर २ ने भाग जातो, पहिल्या तीन अंकांना ३ ने, चारांना ४ ने, असं थेट २५ पर्यंत. ३६, ३६०, ३६०८, ३६०८५ इथवर तोंडी पाहिलं. पुढे स्प्रेडशीटमध्ये सतराव्या अंकाचा ७ जाऊन ० येतो आणि सगळं बिघडतं. असं का? आणि २६ अंकी संख्या खरंच नाही का?

प्रतिसाद १
स्प्रेडशीट १५ सार्थ अंकच जपते, पुढे शून्यं भरते. इथे सोळावा अंक मुळातच ० आहे, म्हणून बिघाड एक घर उशिरा दिसला. आधी सेलचा फॉरमॅट टेक्स्ट करा, मग संख्या टाइप करा. उलट केलंत तर गेलेले अंक परत येत नाहीत.

मग शाळेतलाच भागाकार: आधीची बाकी गुणिले १०, अधिक पुढचा अंक, पुन्हा भागा. ३६०८५२८ ला ७ ने भागताना ३. ३६ ची बाकी १. १० ची ३. ३८ ची ३. ३५ ची ०. २ ची २. २८ ची ०. एका वेळी दोन-तीन अंकांपलीकडे जावंच लागत नाही, त्यामुळे साधा कॅल्क्युलेटरही पुरतो. पायथनमध्ये पूर्णांक कितीही लांब चालतो, पण बाकीसाठी % वापरा. एकेरी तिरकी रेघ उत्तर दशांशात नेते आणि अंक पुन्हा गळतात.

प्रतिसाद २
सव्विसाव्याचं. २६ = २ × १३, आणि १००१ = ७ × ११ × १३. म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आलटून पालटून मिळवा-वजा करा:

७२५ − ३६ + ७८६ − ४०० + ३६८ − ८५० + ५२८ − ६०८ + ३ = ५१६

५१६ ला १३ ने भागून बाकी ९. संख्येला शेवटी ० जोडलं की ९० ची बाकी, म्हणजे १२. संख्या आता सम आहे, तेव्हा २६ ने भागूनही बाकी १२. भाग जायला १४ मिळवायला हवेत, आणि १४ हा एक अंक नाही!

२५ अंकी अशी संख्या ही एकटीच, त्यामुळे वाट इथेच बंद होते. कारणही सुंदर आहे. दहापर्यंत प्रत्येक पायरीवर निदान एक अंक बसतोच. अकरापासून मात्र शक्यता दहा आणि भाजक त्याहून मोठा, त्यामुळे काही फांद्या गळू लागतात. ९ अंकी २४९२, १० अंकीही २४९२ (दहावा अंक ० सक्तीचाच), ११ अंकी २२२५. शेवटी २३ अंकी ६, २४ अंकी ३, मग ही एक. एक अंकीपासून सगळ्या मिळून २०४५६.

प्रश्नकर्ता
१४ पाहून समाधान झालं! ३८१६५४७२९ यातलीच का?

प्रतिसाद २
हो. १ ते ९ अंक एकेकदाच वापरणारी अशी ती एकमेव. तीही वाढवून पाहा: पुढे ०, ६, ०, ८ बसतात आणि ३८१६५४७२९०६०८ मिळते. चौदाव्या पायरीवर बाकी २ उरते, तिथे १२ लागतात.