एका वेळी एकच चॅनेल सेन्स करता येतो, ग्रीडी लावूनही थ्रूपुट ५० टक्केच येतंय

राजवाडा_एमटेक:
नमस्कार मंडळी, इंदूरला एमटेक करतोय, प्रोजेक्ट कॉग्निटिव्ह रेडिओवर आहे, म्हणजे दुसऱ्यांचे चॅनेल मोकळे असतील तेव्हा वापरणारा रेडिओ. ८ चॅनेल, दर स्लॉटला एकच सेन्स करायचा (मोकळा की बिझी ते बघायचं), मोकळा दिसला तर पाठवायचं नाहीतर गप्प बसायचं. सगळे चॅनेल एकसारखे, मार्कोव्ह, म्हणजे पुढची स्थिती फक्त आत्ताच्या स्थितीवर ठरते: मोकळा असेल तर पुढच्या स्लॉटलाही मोकळा राहायची शक्यता ०.८, बिझी असेल तर मोकळा व्हायची ०.२. ग्रीडी लावलं, म्हणजे ज्याची मोकळा असायची शक्यता जास्त तोच बघायचा, तर थ्रूपुट (पाठवता आलेल्या स्लॉटचं प्रमाण) ५० टक्के, आणि डोळे मिटून १ ते ८ गोल फिरलो तरी ५०च! गाईड म्हणतात पूर्ण पीओएमडीपी (सगळी स्थिती दिसत नसताना पुढचाही विचार करून निर्णय काढायचं गणित) सोडव, पण सबमिशनला दहा दिवस उरलेत हो.

छप्पन_नंबर:
भिया, थोड्या वेळाने तुझं ग्रीडी चॅनेल १ लाच चिकटून बसतं का?

राजवाडा_एमटेक:
हो!! तुम्हाला कसं कळलं?

छप्पन_नंबर:
न बघितलेल्या चॅनेलची शक्यता तू गोठवून ठेवलीयेस. आठही एकेकदा बिझी दिसले की सगळे ०.२ वर, मग बरोबरी झाली की कोड पहिलाच उचलतो. आपल्या इंदूरच्या सराफा बाजाराचं बघ ना, दिवसा सोन्याची दुकानं, ती बंद झाली की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याच्या किसाचे ठेले, आता संध्याकाळी ७ ला चक्कर मारलीस, सोनार बसलेले दिसले म्हणून रात्री ११ ला पण बसलेच असतील असं धरून घरी झोपणार का? दर स्लॉटला न बघितलेल्या प्रत्येकाला अपडेट कर: नवी शक्यता = ०.२ + ०.६ × जुनी. बिझी दिसलेला आधी ०.२, मग ०.३२, ०.३९२, ०.४३५ असा हळूहळू ०.५ कडे सरकतो. म्हणजे नियम काय झाला, मोकळा मिळाला की तिथेच थांब, बिझी झाला की जो बघून सगळ्यात जास्त वेळ झालाय तिकडे जा. पीओएमडीपी सोडवायची गरजच नाही, चॅनेल एकसारखे आणि स्वतंत्र, सेन्सिंग बिनचूक, आणि ०.८ हे ०.२ पेक्षा मोठं, तर हेच ऑप्टिमल आहे, २००९ मध्ये सिद्ध झालंय. गाईडना तेवढं दाखव.

ग्वाल्हेरकर_ताई:
छप्पन बरोबर सांगतोय, पण बिनचूक सेन्सिंग फक्त सिम्युलेशनमध्येच मिळतं रे बाळा. खोटा अलार्म, म्हणजे मोकळा असून बिझी दिसणं, १० टक्के आणि चुकून मोकळा म्हणायचं प्रमाण ५ टक्के धर. ०.८ भरवशाचा चॅनेल बिझी दिसला तर बेजच्या सूत्राने (जे दिसलं त्यावरून शक्यता सुधारायचं सूत्र) मोजून पुढच्या स्लॉटला त्याची शक्यता ०.३८ येते, ०.२ नाही. म्हणजे लगेच रुसून त्याला थेट ०.२ वर टाकायचं नसतं. आणि शक्यता माहीतच नसतील म्हणून कोणी यूसीबी (वापरून बघत सगळ्यात चांगला पर्याय शिकायची पद्धत) लाव म्हणेल, तर ते सगळ्यात चांगला एक चॅनेल शोधून त्यावर बसतं, तुझे आठही सारखेच, सरासरी ५०च, शोधणार काय.

राजवाडा_एमटेक:
ताई, छप्पनदादा, अपडेट टाकलं, ७१ टक्के आलं!! खोटा अलार्म उद्या घालतो. पण गंमत म्हणून दोन यूजर टाकले तर दोघंही सारखे एकाच चॅनेलवर धडकतायत.

छप्पन_नंबर:
धडकणारच, दोघांचा कोड एक, सुरुवातीचा क्रम एक. एकाला १ पासून सोड, दुसऱ्याला ५ पासून, आणि धडक झाली की ती बिझी समजू नकोस, ॲक (मिळाल्याची पोच) आला नाही एवढंच लिहून ठेव.