बगरूची स्याही-बेगार छपाई: काळा फुटतो, लाल विटकरी येतो, जमीन गुलाबी होते

मांजरपाट_२२ (प्रश्न)

राजस्थानातल्या बगरूच्या छिपा (कापड छापणाऱ्या) लोकांची स्याही-बेगार पद्धत, म्हणजे हिरड्यात बुडवलेल्या कापडावर लोखंडाचा काळा (स्याही) आणि तुरटीचा लाल (बेगार), इथे महाराष्ट्रात करते आहे. नमुने नीट येत नाहीत. जे केलं ते सगळं लिहिते, चूक नेमकी कुठे ते सांगा.

कापड कॅम्ब्रिक (तलम सुती), एक किलो. साबणाच्या गरम पाण्यात धुतलं. 100 ग्रॅम हिरडा पूड उकळून, गार करून त्यात अर्धा तास बुडवलं आणि दोरीवर वाळवलं. काळ्यासाठी लोखंडाचे तुकडे, खिळे आणि गूळ पाण्यात सहा दिवस ठेवले (हवा पावसाळी). लालसाठी तुरटी. दोन्हींत घट्टपणासाठी चिंचोक्याची खळ, एकदाच शिजवून तीन दिवस वापरलेली. छपाई झाल्यावर दुसऱ्या दिवशी कापड बादलीत खळबळून धुतलं, मग लोखंडी कढईत अलिझरीनमध्ये (लाल रंगाची पूड) उकळलं. पाणी बोअरचं.

झालं असं: काळ्या रेघांभोवती करडी कडा आली आणि काळाही राखाडीच राहिला. लाल विटकरी झाला. मोकळी जमीन, म्हणजे न छापलेला भाग, गुलाबी. शिवाय कापडावर पिवळ्या-करड्या पट्ट्या दिसतात. बोअरचं जड पाणी हे कारण असेल का?

शिसव_ठसा

पाण्याकडे नंतर येऊ. तुमच्या निम्म्या चुका रंगाच्या भांड्यापर्यंत पोचायच्या आधीच झाल्या आहेत.

पहिली कापडाची. कॅम्ब्रिकला गिरणीची खळ असते, ती साबणाने पूर्ण निघत नाही. रात्रभर साध्या पाण्यात भिजू द्या, मग किलोला 20 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर उकळा. पाणी चहासारखं झालं तर ते टाकून पुन्हा उकळा. परीक्षा सोपी आहे: वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाका. तो तत्काळ शोषला गेला पाहिजे. मोत्यासारखा उभा राहिला तर खळ किंवा मेण अजून आत आहे, आणि तुमचा रंग वरच्यावर बसून धुण्यात जाणार.

दुसरी हिरड्याची. किलोला 100 ग्रॅम कमी पडतो, 200 धरा. काळा म्हणजे लोखंड आणि हिरड्यातलं टॅनिन यांचा संयोग, तेव्हा टॅनिन कमी पडलं की लोखंड कितीही चांगलं असो, रंग राखाडीच राहणार. उकळू नका. पूड 5-6 लिटर साध्या पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. गाळण्याचा कंटाळा केला तर पुडीचे कण कापडाला चिकटतात आणि छापताना त्या जागी ठसा उठत नाही. पूड घेताना विचारून घ्या: औषधाच्या दुकानात मिळणारा बाळहिरडा हे कोवळं, काळं फळ. रंगासाठी मोठा, पिवळट, पिकलेला सुरवारी हिरडा लागतो, तोही आठळी काढून.

पट्ट्या आल्या त्या दोरीमुळे. ओलं कापड दोरीवर टांगलं की हिरड्याचं पाणी खाली उतरतं आणि घडीच्या, दोरीच्या जागी साचतं. बगरूत हे कापड जमिनीवर सपाट पसरून कडक उन्हात वाळवतात. हलकं पिळा, झटका, पसरा, अर्धवट वाळलं की उलटा. हिरड्यानंतर कापड धुवायचं नाही. वाळल्यावर मात्र हाताने झटकून वरची पूड उडवून टाका.

आता स्याही. पावसाळ्यात सहा दिवस म्हणजे ती कच्ची आहे. गूळ आंबून त्याचं आम्ल होतं, ते आम्ल लोखंड खातं, तेव्हा कुठे छापण्याजोगं लोखंडाचं पाणी तयार होतं. किलोभर भंगाराला 200 ग्रॅम गूळ आणि 4-5 लिटर पाणी, मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात, तोंडाला फडकं बांधून उन्हात. उन्हाळ्यात 10-12 दिवस, थंड किंवा दमट हवेत 20 दिवस. भंगार आधी जाळात घालून तेल आणि रंग जाळून टाका. घोड्याच्या जुन्या नाला उत्तम. तुमचे खिळे जस्ताचा मुलामा दिलेले असतील तर ते सगळे काढा, आम्ल आधी जस्त खातं. तयार झाल्याची खूण म्हणजे बुडबुडे थांबतात, वर पिवळट साय धरते आणि वास शिरक्यासारखा येतो. शेवटची खात्री हिरड्याच्या चिंधीवर करा: एक थेंब टाकला की बघता बघता निळसर काळा झाला पाहिजे. राखाडीवरच थांबला तर अजून ठेवा.

घाईत कुणी हिराकस (लोखंडाचा तयार क्षार) वापरा म्हणून सांगतात. काळा येतो, पण प्रमाण थोडं जरी चढलं तरी काही वर्षांनी नेमकं काळ्या रेघांवर कापड विरतं. मुरवलेल्या स्याहीतही लोखंडच असतं, म्हणून तिथेही जास्त गडद करण्याच्या नादात दोनदा छापू नका.

करड्या कडेचं कारण खळ. चिंचोक्याची खळ उन्हाळ्यात एका दिवसात, एरवी दोन दिवसांत आंबते आणि पातळ होते. रोज ताजी करा. लिटरभर पाण्यात 40-50 ग्रॅम पूड, आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून, मग मंद आचेवर अर्धा तास ढवळत शिजवा आणि मलमलीतून गाळा. घट्ट मधासारखी धार पडली पाहिजे. तुरटी तिच्यात शिजवायची नाही, आम्लाने खळ पातळ पडते. लिटरला 100 ग्रॅम तुरटी थोड्या गरम पाण्यात वेगळी विरघळवा आणि गार खळीत मिसळा. खडा राहिला तर लालात पांढुरके ठिपके येतात. चिमूटभर गेरू घाला म्हणजे छापताना बेगार दिसतो, गेरू पुढे धुण्यात निघून जातो.

नीळकुंडी

वरचं सगळं बरोबर आहे. पण गुलाबी जमीन आणि विटकरी लाल यांचं मूळ धुण्यात आणि कढईत आहे, तिथे जास्त लिहायला हवं.

अलिझरीन स्वतः रंग ठरवत नाही. तुरटीवर ते लाल होतं, लोखंडावर जांभळट तपकिरी आणि दोन्ही एकत्र आले की विटकरी. म्हणजे तुमच्या लालात कुठून तरी लोखंड शिरलं आहे. लोखंडी कढई हे उघड कारण. बदला. बागला (मध्य प्रदेश, धार जिल्हा) खत्री लोक तांब्याच्या मोठ्या भांड्यात रंगवतात ते त्यासाठीच. तांबं नसेल तर स्टीलचं पातेलं चालेल.

दुसरं कारण बादली. छापल्यावर कापडावर जेवढं लोखंड आणि तुरटी असते तेवढी सगळी धाग्याला धरत नाही. जी सुटी राहते ती धुताना सुटते आणि बादलीच्या त्याच पाण्यात कापडभर पसरते. सुटी तुरटी मोकळ्या जमिनीवर बसली की ती जागा रंगात गुलाबी होते. सुटं लोखंड लालावर बसलं की विटकरी. बागच्या बाघिनी नदीत किंवा कच्छमध्ये वाहतं पाणी हवं असतं ते सुटलेला भाग तत्क्षणी लांब जावा म्हणून. कच्छच्या अजरखच्या (ठशांनी छापलेलं निळं-लाल कापड) कारागिरांना 2001 च्या भूकंपानंतर धमडका गाव सोडून अजरखपूर वसवावं लागलं, त्यामागेही पाण्याचं कारण होतं.

घरी नदी नसते. तेव्हा आधी थांबा. छपाईनंतर दुसऱ्या दिवशी धुणं फार लवकर झालं, निदान चार दिवस, दमट हवेत आठ, कापड मोकळं टांगून ठेवा. एवढ्या वेळात तुरटी आणि लोखंड धाग्याला धरतात आणि आम्लाचा अंश उडतो. घडी घालून ठेवू नका, एका थराची छपाई दुसऱ्यावर उमटते. मग मोठ्या टबात, कापडाच्या चाळीसपट पाण्यात, दोन चमचे खडूची पूड आणि दोन मुठी गव्हाचा कोंडा घालून कापड पूर्ण उघडं एकदम बुडवा आणि सतत हलवत राहा. खडू आम्ल मारतो आणि तुरटी जागच्या जागी बसवतो, सुटलेला भाग कोंडा धरून ठेवतो. जुने लोक हे काम शेणाने किंवा लेंड्यांनी करत. दहा मिनिटांनी पाणी फेका आणि स्वच्छ पाण्यात तीनदा धुवा. खळ बोटाला बुळबुळीत लागायची थांबली की झालं. खळ राहिली तर रंग तिच्यावर बसतो आणि नंतर पापुद्र्यासारखा निघतो.

रंगवताना किलो कापडाला 15-20 ग्रॅम अलिझरीन पुरतं. ते पाण्यात सहज विरघळत नाही. गरम पाण्यात लेप करून मलमलीतून गाळून घ्या, नाहीतर लाल ठिपके पडतील. सोबत दोन मुठी धायटीची फुलं, पुरचुंडीत बांधून. सह्याद्रीत भरपूर होतात ती हीच, बागला त्यांना धावडीची फुलं म्हणतात. ती जमीन मळू देत नाहीत आणि लाल एकसारखा चढतो. कापड कोमट पाण्यातच घाला, तासाभरात हळूहळू उकळीला आणा, मग अर्धा-पाऊण तास. पूर्ण वेळ काठीने फिरवत राहायचं. उकळत्या पाण्यात एकदम टाकलंत तर जिथे आधी पाणी लागलं तिथे गडद डाग कायमचे राहतील.

अलिझरीनऐवजी मंजिष्ठा (लाल रंग देणारी मुळी) वापरणार असाल तर आच कमी ठेवा, सत्तरच्या वर मुळातले तपकिरी अंश सुटतात. 1869 नंतर कारखान्यात बनवलेलं अलिझरीन बाजारात आलं, त्याआधी या छपाईत आल (तीही रंगाची मुळी) चाले. तिचं झाड आपल्याकडे बारतोंडी म्हणून माहीत आहे आणि वऱ्हाडात तिची शेती होत असे.

थोडी गुलाबी झाक तरीही राहतेच. रिठ्याच्या किंवा साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, मग गवतावर पसरून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा आणि वाळलं की वर पाणी शिंपडत राहा. जमीन उजळते, लालही खुलतो.

पवनसार

ठशाबद्दल कुणी लिहिलं नाही. काळ्याची कडा गाभ्यापेक्षा गडद येत असेल तर दोष गादीचा, म्हणजे ठसा रंगात टेकवायच्या पॅडचा. तबकात बांबूची जाळी, तिच्यावर घोंगडीचा तुकडा, वर मलमल, आणि खळ मलमलीच्या वर तरंगता कामा नये. ठसा हलका दोनदा टेका, दाबू नका. पहिला छाप नेहमी चिंधीवर.

नवा शिसवी ठसा मोहरीच्या तेलात 10-15 दिवस बुडवून मग वापरा, नाहीतर पाणी पिऊन लाकूड फुगतं आणि रेघा बुजतात. मोठ्या गद (जमीन भरणाऱ्या) ठशाला आरपार बारीक भोकं आहेत ना ते बघा. हवा अडकली की मधोमध फिकट चट्टा राहतो. क्रम आधी रेख (बाह्यरेषेचा ठसा), मग गद आणि दट्टा (आतला रंग भरणारा). काळ्याचे आणि लालाचे ठसे, गाद्या, ब्रश कायम वेगळे. एकाच ब्रशने दोन्ही ठसे धुतले तरी लाल मळतो. मेजावर पत्र्यासारखं कडक काही नको, गोणपाटाचे सहा-आठ थर आणि वर सुती चादर.

मांजरपाट_२२

कढई आणि बादली कळली. खिळे जस्ताचेच निघाले, ते काढते. पाण्याचा प्रश्न मात्र राहिला. बोअरचं पाणी जड आहे, साबणाला फेस येत नाही. पावसाचं पाणी साठवून त्यातच रंगवू का?

नीळकुंडी

जडपणाला घाबरू नका. लाल उजळायला अलिझरीनला तुरटीबरोबर थोडा चुना लागतोच, आणि तो जड पाण्यात असतो. निव्वळ पावसाच्या पाण्यात लाल फिका येतो. ते वापरलंत तर 10 लिटरला चहाचा अर्धा चमचा खडू घाला. साबणाचं उकळणं तेवढं मऊ पाण्यात करा, जड पाण्यात साबण फाटून पांढरा थर बसतो.

शोधायचं ते लोखंड. ग्लासभर बोअरच्या पाण्यात हिरड्याचं गाळलेलं पाणी दोन चमचे टाका, शेजारी पावसाच्या पाण्याचा ग्लास ठेवा. पंधरा मिनिटांत पहिला निळसर करडा झाला तर पाण्यात लोखंड आहे, आणि तुमचा लाल कढई बदलूनही विटकरीच येईल. अशा वेळी पाणी दोन पिंपांत उंचावरून चार-पाचदा ओता, रात्रभर उघडं ठेवा. हवेने लोखंड गंजून तळाशी तांबूस गाळ धरतं. वरचं पाणी जाड फडक्यातून गाळून पुन्हा हिरड्याने तपासा. तरीही करडं झालं तर रंगवायला आणि हिरड्याला दुसरं पाणी घ्या, बोअरचं फक्त पहिल्या सोड्याच्या उकळण्याला ठेवा.

शिसव_ठसा

आणि हे सगळं एकदम सहा मीटरवर करू नका. वीतभराचे चार तुकडे घ्या: एक फक्त हिरडा, एक हिरडा आणि काळा, एक हिरडा आणि लाल, एक दोन्ही. चारही एकाच भांड्यात रंगवा. फक्त हिरड्याचा तुकडा करडा झाला तर दोष पाण्यात किंवा भांड्यात. तो स्वच्छ राहून चौथ्यातलाच लाल मळला तर दोष धुण्यात.