अर्धवट आठवणारी विज्ञान-कादंबरी: तुमचं हरवलेलं पुस्तक कोणतं?

इंदूरात वाढलेल्या आमच्या पिढीने इंग्रजी विज्ञान-कादंबऱ्या वाचल्या त्या खजुरी बाजारातून जुन्या, वापरलेल्या अशा आणलेल्या, वाचनालयातल्या, नाहीतर कुणाच्या तरी मामाच्या ट्रंकेतल्या. त्यातल्या कितीतरी चित्रपटांवर किंवा मालिकांवर बेतलेल्या असत. मुखपृष्ठ फाटलेलं, सुरुवातीची पानं गळालेली, वर जाड पुठ्ठ्याची बांधणी. नाव कळायचंच नाही, गोष्ट मात्र डोक्यात घट्ट बसायची. अशी पुस्तकं इथे लिहा, कुणाला तरी ओळख पटेल. विनंती एवढीच की जे पडद्यावर नव्हतं आणि पुस्तकात होतं, ते आधी सांगा. शूर नायक आणि शेवटचा स्फोट सगळीकडेच असतो.

सुरुवात माझ्यापासून. सतत धुकं आणि पाऊस असलेला ग्रह. तिथे खाणी. राजकन्या लेया मोलकरणीचं सोंग घेते आणि भर रस्त्यात, चिखलात, तिची न् ल्यूकची झटापट होते. खाणकामगार बघत उभे राहतात. एक खटपटी म्हातारी त्यांना लाल स्फटिकाच्या शोधाला लावते. मागावर खलनायक डार्थ व्हेडर. म्हणजे 'स्टार वॉर्स' हे नक्की, पण यातलं काहीच चित्रपटांत नाही. आणि चित्रपटातला दुसरा नायक हान सोलो अख्ख्या पुस्तकात फिरकत नाही! आठवीच्या सुट्टीत वाचलं होतं. ती चिखलातली मारामारी मला अजून जशीच्या तशी दिसते.

रामबागकर: ताई, हे ॲलन डीन फॉस्टर यांचं 'स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय', १९७८ चं. ग्रहाचं नाव मिंबन, म्हातारी हॅला, स्फटिक कायबर. पहिला चित्रपट १९७७ चा. तो बेताचाच चालला तर थोडक्या पैशांत दुसरा काढता यावा म्हणून हे कथानक लिहून घेतलं होतं. धुकं त्यासाठीच, मोठे सेट उभारायला नकोत. सोलोचं काम करणाऱ्या हॅरिसन फोर्डचा पुढच्या चित्रपटाचा करार तेव्हा झालेला नव्हता, म्हणून हान सोलो नाही. मग चित्रपट तुफान चालला आणि हे कथानक पुस्तकातच राहिलं. ल्यूक आणि लेया एकमेकांकडे ओढले जातात हेही त्यात आहे, कारण ती भावंडं असल्याचं प्रेक्षकांना कळलं थेट १९८३ मध्ये. माझ्या मते त्या काळातलं हे सगळ्यात जिवंत पुस्तक आहे, कारण पुढे काय होणार हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

लोकमान्यनगर: माझं कोडं सुटलंय, पण इतरांना उपयोगी पडेल म्हणून लिहितो. मला शनीकडे जाणारं यान आठवायचं, बोलणारा संगणक आणि शनीचा एक चंद्र, अर्धा उजळ अर्धा काळोखा. मित्र म्हणायचे, ते '२००१: अ स्पेस ओडिसी', आणि यान गुरूकडे जातं. दोन्ही खरं निघालं. १९६८ च्या चित्रपटात गुरू आहे, आर्थर क्लार्कच्या कादंबरीत शनी आणि त्याचा चंद्र जॅपिटस. शनीची कडी पडद्यावर खरी वाटतील अशी जमेनात म्हणून चित्रपटवाले गुरूवर थांबले. माझी आठवण पुस्तकाची होती आणि मित्रांची पडद्याची.

जेलरोडवाली: माणसं पाणबुडीसकट सूक्ष्म होऊन रुग्णाच्या रक्तात शिरतात, शेवटी पांढरी पेशी त्यांच्यामागून बाहेर येते. कुणी सांगेल?

रामबागकर: 'फँटॅस्टिक व्हॉयेज', आयझॅक आसिमॉव्ह, १९६६. चित्रपटात पाणबुडी आतच राहते. ती पुन्हा मोठी झाली तर रुग्णाचं काय होईल, हे आसिमॉव्हना सहन होईना. म्हणून कादंबरीत त्यांनी ती, तिला गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीसकट, बाहेर काढली.

जुनी इंदूरची: दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं तेव्हाची गोष्ट. बाबा गिरणीतून येताना एक विनामुखपृष्ठाचं पुस्तक घेऊन आले. रात्री वीज गेली की ओसरीत कंदिलाजवळ बसून ते इंग्रजी पान बघत आणि आम्हाला मराठीत सांगत. मालिकेतल्या टोकदार कानांच्या स्पॉकचे संवाद आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांच्या आवाजात! आई स्वयंपाकघरातून विचारायची, "तो कानवाला वाचला ना?" मी आजवर ती एकच कादंबरी समजून शोधतेय, पण दर काही पानांनी गोष्ट बदलायची.

खजुरीबाजार: काकू, ती कादंबरी नव्हे, जेम्स ब्लिश यांनी मालिकेच्या भागांवरून लिहिलेल्या कथा. १९६७ पासून असे बारा खंड निघाले. ब्लिश पटकथेवरून लिहायचे, त्यामुळे टीव्हीवर पाहिलेल्याशी काही गोष्टी जुळत नाहीत. बाबांनी सांगितलेली एखादी गोष्ट आठवते का? त्यावरून खंड सापडेल.

जुनी इंदूरची: एक आठवते. गोंडस, केसाळ प्राणी भराभर वाढतात आणि साठवलेलं धान्य फस्त करतात. धाकटा भाऊ हसून हसून ओसरीवर लोळला होता.

खजुरीबाजार: 'ट्रबल विथ ट्रिबल्स'! ही गोष्ट कुठल्या खंडात आहे ते बघून सांगतो. पुस्तक मिळालं तर बाजारातून उचलून घरी पोचवतो, पत्ता निरोपात कळवा.

पाटणीपुरा: माझं अजून अडकलंय. चंद्रच पृथ्वीपासून सुटून भरकटत जातो आणि तिथल्या तळावरची माणसं त्याच्यासोबत.

रामबागकर: मालिका 'स्पेस: १९९९', ब्रिटिश, १९७५ ते १९७७. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला साठवलेल्या अणुकचऱ्याचा स्फोट होतो. पण पुस्तकं बरीच आहेत आणि एकेकात दोन-चार भाग जोडलेले असतात. स्फोट पुस्तकाच्या सुरुवातीलाच होता, की आधीच होऊन गेलेला?

पाटणीपुरा: सुरुवातीलाच. तळावरची माणसं आजारी पडायला लागतात तिथून.

रामबागकर: मग ई. सी. टब यांचं 'ब्रेकअवे' आधी बघा, १९७५ चं.

पाटणीपुरा: देवासला भावाकडे पुस्तकांची पेटी आहे, रविवारी जाऊन उघडतो. त्यात असेल तर पहिल्या पानाचा फोटो टाकतो. तोवर बाकीच्यांनी लिहीत राहा.