नागपूर ते कन्याकुमारी कॅम्पर व्हॅनने: बॅटरी किती लागेल?

नवरा-बायको दोघंच, बीएस-६ डिझेल व्हॅन, राष्ट्रीय महामार्ग ४४. १२ व्होल्टचा ४५ वॅटचा फ्रिज आणि २० वॅटचा पंखा आहे. १०० अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी पुरेल का? पाणी आणि रस्त्याबद्दलही सांगा.

उत्तर १:
नाही. आपल्याकडच्या उन्हात फ्रिजचा कॉम्प्रेसर निम्मा वेळ चालतो धरा: दिवसाला ४५ अँपिअर-तास. पंखा रात्रभर, आणखी १३. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे हाती ५०च. १०० ची लिथियम फॉस्फेट घ्या, ती बरीच खोल उतरवली तरी चालते. आणि ती गाडीच्या बॅटरीला नुसत्या रिलेवर (आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचवर) जोडू नका! नव्या गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा जनरेटर) व्होल्टेज मध्येच पाडतो, बॅटरी अर्धवटच भरते. २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावा, तो व्होल्टेज पडलं तरी बॅटरीला हवं तेवढं देतो. तीन तास गाडी चालली की दिवसाचा खर्च निघतो. फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ.

उत्तर २:
पाणी माणशी रोज १० लिटर धरा. टाकी मागच्या ॲक्सलच्या मागे नको, वजन तिकडे गेलं की पुढची चाकं हलकी होतात. आदिलाबादपर्यंत काळी माती. पाऊस पडला असेल तर मुक्कामाला डांबर सोडू नका, चाक रुतलंच समजा. कर्नूल-अनंतपूरकडे कोरडा माळ, सावली कमी.

उत्तर ३:
धर्मपुरी-सेलम मधला तोप्पूर घाट जपून. उतार लांब आहे, भरलेल्या व्हॅनचे ब्रेक तापून नीट लागेनासे होतात. वरूनच गिअर खाली घ्या. पुढे कन्याकुमारीजवळ मुप्पंदलच्या पवनचक्क्या दिसल्या की स्टिअरिंग घट्ट धरा, आडवा वारा उंच गाडीला ढकलतो.