सँडरचा बेल्ट घरी जोडतोय पण जॉइंट टिकत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझ्याकडे 4 बाय 36 इंची बेल्ट सँडर (फिरत्या खरखरीत पट्ट्याने लाकूड घासायचं मशीन) आहे, पाट पोळपाट असली किरकोळ कामं करतो. तयार बेल्ट इथे तालुक्याला मिळत नाहीत आणि मागवायचे तर थांबत बसा, म्हणून 80 नंबरचा कापडी पाठीचा एमरी (सँडपेपरसारखा दाणेदार) रोल आणला आणि स्वतःच जोडायला बसलो.

पहिला सरळ कापून एकावर एक चढवून चिकटवला, तर तिथे जाडी वाढली आणि मशीन सुरू केल्यावर नुसतं टक टक टक, पोळपाटावर आडव्या रेघा उठल्या. मग दुसरा तिरका कापला, टोकाला टोक भिडवलं, मागून सुती कापडाची पट्टी एपॉक्सीने लावली आणि रात्रभर दोन फळ्यांमध्ये दाबून ठेवला. सकाळी हाताने ओढून बघितला, एकदम झकास! पण पाच मिनिटं चालला नाही तोच जोड तडकला आणि बेल्ट फाडकन उडाला, नशीब मी बाजूला उभा होतो. बहुतेक एपॉक्सी कडक होतं म्हणून छोट्या पुलीवर वळताना तुटत असावं, असं मला वाटतंय.

तर वाळल्यावर पण लवचिक राहील आणि गरम झाल्यावर सुटणार नाही असा कोणता गोंद वापरता? मागची पट्टी सुती चालेल का पॉलिएस्टरचीच पाहिजे? आणि जोडाच्या जागचे दाणे खरवडून चढवलं तर किती मिमी चढवायचं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा, अर्धा रोल अजून शिल्लक आहे.