मदत हवी आहे: इंग्रजीविषयीच्या प्रश्नावलीतली 'नाही'वाली विधानं

विद्यार्थ्यांचा इंग्रजीकडे पाहण्याचा दृष्टिकोन मोजायला ५ पर्यायांची ('पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत') प्रश्नावली केली आहे. 'शिकणं' आणि 'वापरणं' यांचे गुण मुद्दाम वेगळे ठेवलेत; मन लावून शिकणारी मुलंही बोलायची वेळ आली की गप्प बसतात, आणि एकच बेरीज केली की नेमकं हेच झाकलं जातं.

अडलंय ते नकारार्थी विधानांवर. 'वर्गाबाहेर इंग्रजी बोलायची मला गरज वाटत नाही' यावर 'असहमत' म्हणजे दोन नकार, तिथे मुलं गोंधळतात. गुण उलटवूनही (५ चा १, ४ चा २) 'वापरणं' गटाचा क्रॉनबाख अल्फा (गटातली विधानं एकमेकांशी किती जुळतात याचं माप; साधारण ०.७ च्या वर असला तर ठीक मानतात) ०.७ च्या खालीच राहतो.

'नाही' काढून 'बोलणं टाळतो' असं लिहिल्याने कुणाला फरक जाणवलाय का? सगळीच विधानं होकारार्थी केली, तर न वाचता 'सहमत'वर खुणा करणारे कसे ओळखायचे?